पूर्वाच्या फ्रॉकातली पट्टी

माझी मुलगी चालत नाही. हे एवढंसं वाक्य तोंडातून काढायला मला दोन वर्षं लागली, आणि त्या दोन वर्षांत मी काय केलं ते सांगायला आता बसलेय. सेंटरमधल्या ताई म्हणाल्या, "तुम्ही लिहून काढा, बाकीच्या आयांना उपयोग होईल." होईल की नाही देव जाणे. मला कुणाला शहाणपण शिकवायचं नाहीये. माझ्यासारखा मूर्खपणा दुसरीने करू नये, एवढ्याचसाठी लिहितेय. कुणाला रडगाणं वाटलं तर वाटू दे. रडण्यासारखंच आहे.

आम्ही भाईंदरला गोडदेवात राहतो, तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही. हे स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॉलिशवर आहेत. मी घरी शिवणकाम करते, ब्लाउज, परकर, लहान मुलींचे फ्रॉक. माहेर, सासर दोन्ही रत्नागिरीकडचं. पूर्वा आमची एकुलती एक.

नाव कळलं तो दिवस

पूर्वा चौदाव्या महिन्यात चालायला लागली. आई, पप्पा, काऊ असे तीन शब्द बोलायची. वाटीतला भात स्वतःच्या हाताने चिवडून खायची. दीड वर्षाची झाली आणि तिचं एकेक जायला लागलं. आधी काऊ गेला, मग पप्पा, सगळ्यात शेवटी आई. हातात दिलेलं बिस्किट खाली पडायला लागलं. दोन्ही हात छातीशी धरून ती सारखी चोळत बसायची, साबण लावल्यासारखे. दिवसभर तेच.

डॉक्टर किती झाले ते मोजायचं मी सोडून दिलं होतं. एक म्हणाले ऐकू येत नसेल, एक म्हणाले उशिरा बोलेल, आणि एकाने तर मलाच विचारलं, घरात भांडणं फार होतात का म्हणून. मी म्हटलं, होतात की, तुमच्याकडे यायचं की नाही यावरूनच होतात.

ती साडेतीन वर्षांची असताना आम्ही मुंबईच्या एका मोठ्या हॉस्पिटलात पोचलो. तिथल्या डॉक्टर मॅडमनी पाच मिनिटं नुसते तिचे हात बघितले. रक्त तपासायला बाहेर कुठेतरी पाठवलं, आणि बऱ्याच महिन्यांनी बोलावून घेतलं.

"याला रेट सिंड्रोम म्हणतात," त्या म्हणाल्या. "फार थोड्या मुलींना होतो. तुमच्या हातून काही चुकलेलं नाही, हे आधी डोक्यात पक्कं करा. पण यावर औषध नाही. बोलणं परत येईल असं मी सांगणार नाही. हातांचंही नाही."

यांनी विचारलं, "मग काय आहे मॅडम?"

"चालणं आहे. ती चालतेय ना? यात पुष्कळ मुलींचं चालणंही पुढे जातं. हिचं आहे तोवर सांभाळा. चालती राहिली तर पाठ वाकायला वेळ लागेल, छाती चांगली राहील. आणि दर तीन महिन्यांनी तिचं चालणं मोजून मला कागद पाठवायचा. कमी व्हायला लागलं तर मला लगेच कळलं पाहिजे. मग पायांना पट्टे, उभं राहायची फ्रेम, असं बरंच काही करता येतं. वेळेवर कळलं तर."

एवढं सगळं बोलल्या, पण माझ्या कानात एकच राहिलं. चालतेय. बोलणं गेलं, हात गेले, चालणं उरलं. हॉस्पिटलसमोर यांनी उसाच्या रसाचे दोन ग्लास सांगितले आणि दोघांनीही तसेच ठेवून दिले. पूर्वा यांच्या चपलेवर पाय ठेवून उभी होती. मी मनाशी म्हटलं, हे मी जाऊ देणार नाही. मेले तरी नाही.

दहा मीटर

शांती नगरला एका इमारतीच्या तळमजल्यावर अशा मुलांच्या व्यायामाचं सेंटर होतं. तिथे फिलोमिना नावाची व्यायाम घेणारी मुलगी होती, उत्तनची, नवीनच शिकून आलेली. मोजायची रीत अगदी साधी. लांब पॅसेजमध्ये जमिनीवर लाल चिकटपट्टीच्या दोन रेघा, मध्ये दहा मीटर. मुलाला अनवाणी उभं करायचं. फिलोमिना घड्याळ सुरू करणार, पावलं मोजणार, कितीदा थांबलं ते लिहिणार. शेवटी चार रकाने: स्वतःहून, एका हाताच्या आधाराने, दोन्ही हातांच्या आधाराने, नाही. त्यातल्या एकात खूण.

खरं तर ते वजनकाट्यावर उभं राहण्यासारखं. जे आहे ते दिसावं, एवढंच. पण बाकावर बसलेल्या आम्हा बायकांना ती परीक्षा वाटायची. आदल्या दिवसापासून तयारी. पायांना तेल, लवकर झोपवणं, सकाळी आवडीचं खायला. मी तर आमच्या मजल्यावरच्या पॅसेजमध्ये खडूने रेघा मारल्या होत्या आणि रोज संध्याकाळी पूर्वाला त्यावरून चालवायचे. शेजारच्या कांताबेन दारात खुर्ची टाकून बसायच्या.

"चलती है ने, भाभी! देखो, कैसी चलती है!"

"चलती है, कांताबेन," मी म्हणायचे, आणि माझा ऊर भरून यायचा.

पहिल्या वर्षी पूर्वाच्या प्रत्येक कागदावर 'स्वतःहून'च्या पुढे खूण होती. ती डुलत डुलत, पाय फाकवून चालायची, पण चालायची. बाकीच्या आया माझ्याकडे बघायच्या. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटायचं.

पट्टी

ती साडेपाच वर्षांची असताना जिन्यात पडली. वरचा ओठ फाटला, टाके पडले. त्यानंतर मी तिच्या फ्रॉकना आतून पट्टी शिवायला लागले. कमरेच्या मागच्या बाजूला, कापडाच्या चार घड्या घालून दुहेरी शिलाई मारलेली, माझी दोन बोटं आत जातील एवढी. बाहेरून झालर, त्यामुळे दिसायची नाही. जिना चढता उतरताना मी तिच्या मागे, बोटं पट्टीत. तोल गेला की आवरायचं. एवढंच होतं ते, आईशप्पथ.

मग रस्त्यावर बोटं पट्टीत गेली, कारण रिक्षावाले मेले अंगावर येतात. मग पॅसेजमध्ये, कारण फरशी गुळगुळीत. आणि एका तिमाहीला सेंटरमध्ये दोन लाल रेघांच्या मध्येही.

फिलोमिनाने विचारलं होतं, "ताई, तुम्ही मागे का?"

"पडली तर धरायला," मी म्हटलं.

"बरं. पण हात नका लावू हां."

"न्हाय गं," मी तिच्यासारखंच बोलून तिला हसवलं, आणि तिने घड्याळ सुरू केलं. दहा मीटर. स्वतःहून. खूण.

तेव्हा बोटं नुसती टेकलेली असायची असं मला वाटत होतं. पुढे कधीतरी माझा उजवा खांदा दुखायला लागला. रोज बाम चोळायचे. शिलाई मशीनवर वाकून दुखतोय, असं मी यांना सांगितलं आणि यांनी मशीनसमोर उंच स्टूल आणून ठेवलं. खांदा दुखायचा थांबला नाही. पोरीचं अर्धं वजन त्या दोन बोटांवर येत होतं, आणि माझ्या हाताला ते कळत होतं, मला कळून घ्यायचं नव्हतं.

मला दोन-तीनदा सांगावंसं वाटलं. पण तोवर नवस फेडून झाला होता.

नवस

आमच्याकडे कुठल्याही दुखण्यात आधी ग्रामदेवीला गाऱ्हाणं घालतात. आजाराचं नाव कळलं त्याच वर्षी सासूबाई देवीला बोलून आल्या होत्या, पोरीचं चालणं राख, ती स्वतःच्या पायांनी सभामंडपातून येऊन तुझी ओटी भरेल. दर रविवारी गावच्या दुकानातून त्यांचा फोन यायचा. दुसरं काही विचारायच्या नाहीत. "चालते ना गो पोर?" मी म्हणायचे, चालते. "मग झालं तर. आई बसली आहे बघायला."

शिमग्याला गावी गेलो. देवळात सगळी भावकी जमलेली. गुरवाने गाऱ्हाणं घातलं, माणसं "व्हय महाराजा" म्हणाली, आणि सासूबाईंनी मला खुणावलं. पूर्वाला मी नवा परकर पोलका शिवला होता. परकराच्या नेफ्यात मागे पट्टी. सभामंडप काही फार मोठा नाही, पंधरा-वीस पावलं असेल. मी खण-नारळाचं ताट डाव्या हातात धरलं. उजव्या हाताची बोटं पट्टीत.

पोर देवीसमोर जाऊन उभी राहिली. बायका रडल्या. सासूबाईंनी तिची दृष्ट काढली. हे तर पुरुषासारखे पुरुष, पण हुंदके देत होते. परत आल्यावर कारखान्यात पेढे वाटले. मी देवीकडे बघितलं नाही. फसवलं तर ती गप्प बसते असं थोडंच आहे?

आता तुम्हीच सांगा, नवस फेडल्यावर पोर चालत नाही असं कसं म्हणायचं? गावात लगेच झालं असतं, नवसात खोट राहिली, देवी कोपली, कुणी काय चुकवलं ते शोधा. आणि चुकवणारी तर मीच. म्हणून शिमग्यानंतरच्या प्रत्येक मोजणीला माझी बोटं पट्टीत होती. फिलोमिना कागद भरत होती, मॅडमकडे पाठवत होती, आणि मॅडम समजत होत्या की पोरीचं छान चाललंय.

फ्रॉक काढला

पूर्वाला आठवं लागलं होतं. त्या वेळी मोजणी सेंटरला न करता मॅडमनी हॉस्पिटललाच बोलावलं. त्यांना पाठ आणि गुडघे चालताना बघायचे होते.

"फ्रॉक काढा तिचा," मॅडम म्हणाल्या. "चड्डी-बनियनवर राहू दे."

मी म्हटलं, "मॅडम, थंडी वाजेल."

"पंखा बंद करते."

माझ्याकडे दुसरं कारण नव्हतं. फ्रॉक काढला. घडी करून हातात धरला, पट्टी आतल्या बाजूला. मॅडमनी मला समोर खुर्चीवर बसवलं आणि एका शिकाऊ डॉक्टरने पूर्वाला रेघेवर उभं करून हात सोडले.

ती पुढे आली नाही. ती मागे रेलली. जिथे माझी बोटं असायची तिथे तिने पाठ टाकली, अगदी विश्वासाने, आणि मागे कुणीच नव्हतं. त्या डॉक्टरने झेललं म्हणून. तीनदा उभं केलं. तीनदा ती तशीच मागे गेली. तिसऱ्या वेळी तिने माझ्याकडे बघितलं. या मुली बोलत नाहीत, पण डोळ्यांनी असं बघतात की माणसाला पळावंसं वाटतं.

मॅडमनी फाइल उघडली. "तीन महिन्यांपूर्वी दहा मीटर, स्वतःहून. आज एक पाऊल नाही?" त्यांचा आवाजच बदलला. "हे या आजाराने एवढ्यात होत नाही. मणक्यात काहीतरी दाबलं जात असणार. आजच ॲडमिट करा."

तिथे बोलायला हवं होतं मी. तिथेच. नाही बोलले.

वॉर्ड

तीन दिवस. रक्त काढायला शीर सापडेना, दोन्ही हातांना, मग पायाला टोचलं. हात चोळायची सवय, म्हणून सुई निघू नये यासाठी दोन्ही हात लाकडी पट्टीला बांधले. हात बांधले की या मुलींचा जीव घाबरा होतो. ती श्वास धरायची, सोडायची, धरायची. कमरेचे, मणक्याचे फोटो. मोठे डॉक्टर यायचे, तिच्या पायावर हातोडी मारायचे, आपसात इंग्रजीत बोलायचे. सकाळी राउंड, अकराला सूप, चारला भेटीची वेळ, आणि मी उशाशी तोंड शिवून बसलेली.

वॉर्डात एक आयाबाई होत्या, सावंत मावशी म्हणायचे सगळे. त्या दुपारी यायच्या, दार लोटायच्या, हातांची बांधणी सैल करायच्या आणि पूर्वाचे दोन्ही हात आपल्या हातात घेऊन बसायच्या. "चोळ बाय, माझे चोळ," म्हणायच्या. त्या तीन दिवसांत पोर तेवढ्याच वेळ शांत असायची. त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

तिसऱ्या दिवशी मणक्याचा एमआरआय. हलू नये म्हणून झोपेचं औषध द्यायचं होतं. भुलीच्या डॉक्टरांनी यांना समजावलं, हिचा श्वास आधीच असा आहे, थोडा धोका आहे, पण मणका बघायलाच हवा, सही करा. यांनी सही केली. मी बघत होते. पेन चालताना बघत होते.

पूर्वाला आत नेलं, दार लागलं आणि वर लाल दिवा पेटला. तेव्हा मी बोलले.

"अहो, ती चालत नव्हती."

"काय?"

"मी धरत होते. फ्रॉकला पट्टी आहे आतून. मणक्यात काही नाही झालेलं तिच्या. मी धरत होते."

यांना आधी कळलंच नाही. मी पिशवीतून फ्रॉक काढून आतली बाजू दाखवली. यांनी पट्टीत स्वतःची बोटं घालून बघितली, पॉलिशने काळी पडलेली, ती आत जाईनात. मग एकदम उठले आणि त्या दाराकडे धावले. "बंद करा! डॉक्टर, बंद करा!" तिथल्या माणसाने अडवलं. आत औषध देऊन मशीन सुरू झालं होतं, आता मध्येच दार उघडता येणार नाही म्हणाला.

औषध सोसलं नाही तिला. बाहेर आणली तेव्हा ओठ निळे, छाती हलत नव्हती. डॉक्टर धावले, तोंडावर मास्क दाबून हवा भरत राहिले. किती वेळ ते मला विचारू नका. मला तेव्हा वाटलं, गेली. माझ्या तोंड न उघडण्याने गेली. मग तिने एक मोठा श्वास घेतला. हे माझ्याजवळ आले नाहीत. मीही बोलावलं नाही.

रकाना

मणक्यात काहीच निघालं नाही. पाठ मात्र वाकायला लागली होती आणि टाचांच्या नसा आखडल्या होत्या. काही महिन्यांपूर्वी कळलं असतं तर काही करता आलं असतं, असं मॅडम म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी पूर्वा शुद्धीवर होती, मान यांच्या खांद्यावर. मी मॅडमसमोर फ्रॉक ठेवला आणि सगळं सांगितलं. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी फाइलमधले मागचे कागद एकेक काढले आणि प्रत्येकावर आडवी रेघ मारली. आठ होते की नऊ. शेवटी तसाच एक कोरा छापील कागद घेतला.

"आता पहिल्यापासून लिहू. नीट आठवून सांगा. स्वतःहून चालायची कधी थांबली?"

मी तोंड उघडलं आणि लक्षात आलं की मला माहीत नाही.

मी आठवायला लागले. दिवाळीत जिन्यावर पणत्या लावल्या तेव्हा ती पॅसेजमधून आली होती. मागे माझी बोटं. पावसाळ्याआधी नवघरला गेलो होतो, रस्ता ओलांडला. बोटं. कांताबेनच्या दारापर्यंत रोज. बोटं. ती दोन वर्षं मी रोज तिच्या मागे होते, तिच्या इतकी जवळ कुणीच नव्हतं, आणि त्यातल्या कुठल्या दिवशी तिने स्वतःचं शेवटचं पाऊल टाकलं ते मला कळलं नाही. त्या दिवशीही माझी बोटं पट्टीत असणार. मी कदाचित कांताबेनशी गप्पा मारत असेन.

बोलणं गेलं तो दिवस मला ठाऊक आहे. "आई" शेवटचं म्हणाली ती सकाळ, नळाला पाणी आलं होतं, मी बादली लावत होते. ते मला जन्मभर पुरेल. चालण्याचं तसं काहीच नाही माझ्याकडे.

हे आदल्या दिवसापासून माझ्याशी एक शब्द बोलले नव्हते. ते हळूच म्हणाले, "देवळात तरी चालली होती ना गं? शिमग्याला?"

त्यांना माझ्याकडून हो ऐकायचं होतं. एकदा, फक्त तेवढं एक. मला ते देता आलं असतं, दोन वर्षं सगळ्यांना देत होतेच की.

"माहीत नाही हो," मी म्हटलं.

त्यांनी पूर्वाला दुसऱ्या खांद्यावर घेतलं आणि खिडकीकडे तोंड केलं.

मॅडमनी त्या प्रश्नापुढच्या रकान्यात लिहिलं, 'आईला सांगता येत नाही', आणि कागद माझ्याकडे सरकवला. त्याच्याखाली सही लागते. मी केली.